सोबतीला कोण होतं?

निर्मलाताई चुरी गेल्याचं मला महेशच्या मेसेजवरून कळलं. 'आपल्या लाडक्या निर्मलाताई आपल्यात राहिल्या नाहीत', आणि लगेच खाली शोकसभेची वेळ, हॉलचा पत्ता, 'चहापानाची सोय केली आहे, येणाऱ्यांनी कळवावे'. मी विरारला मनवेलपाड्यात आमच्या इमारतीच्या जिन्यात भाजीची पिशवी घेऊन उभा होतो. खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. निर्मलाताईंच्या मरणाची बातमी महेशने द्यावी... जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं का? आता महिना उलटून गेला. रडू मधूनमधून येतं, राग मात्र तसाच आहे. या रविवार पुरवणीसाठी त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहा, असं मला सांगण्यात आलंय. त्यांच्याविषयी चांगलंच लिहीन, बाकीच्यांची हमी देत नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर वसईत एका संस्थेने नव्याने धंद्यात पडणाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग सुरू केला होता. दर रविवारी सकाळी एका शाळेत, लहान मुलांच्या बाकांमध्ये गुडघे कोंबून आम्ही बसायचो. कोणाची कंपनी बंद पडलेली, कोणी साहेबाशी भांडून नोकरी सोडलेली, कोणाला सासऱ्याने गाळा घेऊन दिलेला. मी रबरी वॉशर बनवणार होतो, महेश प्लास्टिकच्या पिशव्या. निर्मलाताई वसईतल्या बागायतदार घरातल्या, सासरी केळीची आणि फुलांची वाडी, नवरा विनायकराव मुंबईत नोकरीला. त्यांना पुठ्ठ्याची खोकी बनवायची होती. खोकीच का, असं कोणीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "केळी पिकवणारे आमच्या घरात चिक्कार आहेत. ती भरायची कशात, याची काळजी करणारं कोणी नाही." वर्ग हसला. त्या हसल्या नाहीत, त्यांनी ते अगदी मनापासून सांगितलं होतं.

शिकवायला सोमणसर होते, मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले. हिशेब, कर्जाचे अर्ज, कामगार कायदा हे सगळं ते शिकवत, पण त्यांचा जीव होता तो एका नियमावर. गिऱ्हाईक कंपनीत पहिल्यांदा जाताना वर्गातल्या कोणीही एकट्याने जायचं नाही. वर्गातलाच एक जण सोबत न्यायचा. त्या सोबत्याने आत एक शब्द बोलायचा नाही, फक्त बघायचं आणि ऐकायचं. बाहेर आल्यावर पहिल्या टपरीवर चहा घ्यायचा आणि तिथे सोबत्याने सांगायचं, तुझं काय चुकलं. "लहान माणूस मोठ्या टेबलासमोर एकटा बसला की त्याची मान आपोआप खाली जाते," सर म्हणत. "शेजारी आपलं माणूस असलं तर जात नाही. बाहेर पाहिजे तेवढी स्पर्धा करा, या वर्गात आहेत ते सोबती." आम्ही त्याची भरपूर टिंगल केली. मुलगी बघायला निघाल्यासारखे जोडीजोडीने कसलं जायचं, असं मीच म्हणालो होतो.

माझ्या पहिल्या खेपेला निर्मलाताई आल्या. अंधेरीतली पंप बनवणारी कंपनी होती. मी आत अखंड बोललो, माझा माल कसा चांगला, माझा अनुभव किती दांडगा, घरची परिस्थितीसुद्धा सांगितली. निर्मलाताई मांडीवर पर्स धरून गप्प. बाहेर टपरीवर पहिला घोट घेऊन म्हणाल्या, "सावंत, त्यांनी भाव कमी करा असं म्हटलंच नव्हतं. तुम्हीच आपण होऊन कमी केलात. त्यांनी नुसतं वर बघितलं आणि तुम्ही घाबरलात." मला भयंकर राग आला. पण पुढच्या कंपनीत साहेबांनी वर बघितलं तेव्हा मी तोंड बंद ठेवलं आणि माझं पहिलं काम मला माझ्या भावात मिळालं. माझा धंदा त्या चहावर उभा आहे, हे मी कोणालाही सांगतो.

मग जो तो त्यांनाच बोलावू लागला. त्या आल्या की आत धीर वाटायचा आणि बाहेर आल्यावर खरं ऐकायला मिळायचं, तेही दुसऱ्या कोणाच्या कानावर न जाता. त्यांच्या स्वतःच्या गाळ्यात मात्र हातमशीनवर अर्नाळ्याहून येणारी हिराबाई आणि आणखी दोघी जमेल तेवढी खोकी करत होत्या. निर्मलाताईंना एकच धास्ती होती. कायमचं काम मिळालं नाही, तर या बायकांना परत मासळी वाळवायला पाठवावं लागेल. अशात बोईसरच्या एका औषध कंपनीने त्यांना बोलावलं. वर्षभर खोकी हवी होती. त्या कामावर नवं मशीन येणार होतं आणि तिघींचा पगार पक्का होणार होता. सोबतीला कोणाला न्यायचं? महेशने आपण होऊन सांगितलं, मी येतो.

महेश आत नियमाप्रमाणे गप्प बसला. बाहेर चहा घेताना त्याने त्यांना समजावलं की भाव थोडा चढा वाटला, पण घाई करू नका, नीट विचार करून पुढच्या आठवड्यात नवं कोटेशन पाठवा. मधल्या दिवसांत तो एकटा परत बोईसरला गेला आणि त्याच खोक्यांचा स्वतःचा भाव देऊन आला. खोकी बनवत नव्हता तो! भिवंडीहून करून घेतली. निर्मलाताईंनी नवं कोटेशन पाठवलं तेव्हा तिथल्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, काम तर दिलं की तुम्हाला. ते तुमच्यासोबतचेच गृहस्थ येऊन गेले ना? आम्हाला वाटलं तुम्हीच पाठवलं."

पुढच्या रविवारी वर्गात मी महेशला सगळ्यांसमोर उभा केला. तो शांतपणे म्हणाला, "धंद्यात इमोशनल होऊन चालत नाय यार. मी नसतो गेलो तर दुसरा गेला असता." मी बाकीच्यांकडे बघितलं. कोणी खिडकीबाहेर बघतोय, कोणी बाकावरची शाई खरवडतोय. आत गेल्यावर गप्प बसायचं, एवढं मात्र सगळे पक्कं शिकले होते. सोमणसर खुर्चीत बसून राहिले, मग डस्टर ठेवून घरी गेले. पुढे वर्षभरात ते वारले. एकमेकांना सोबत नेणं त्या दिवसापासून बंद पडत गेलं, कारण आता प्रत्येकाला आपल्या सोबत्याचीच भीती वाटू लागली होती. महेशचं मात्र छान चाललं. आता तो उद्योजकांच्या संघटनेचा अध्यक्ष आहे आणि सहकार्यावर भाषणं देतो.

निर्मलाताईंनी दोघींना कामावरून कमी केलं. हिराबाई राहिली, अर्ध्या पगारावर. आणि तरीही निर्मलाताई सोबतीला जात राहिल्या! नव्या वर्गातल्या पोरीबाळींना घेऊन, अंधेरीला, भाईंदरला, वापीपर्यंत. मला ते सहन व्हायचं नाही. एकदा मी फटकन बोललो, "ताई, तुम्हाला अजून अक्कल आली नाही का?" त्या रागावल्या नाहीत. "सावंत, साहेबासमोरच्या त्या खुर्चीवर एकटं बसायला कसं वाटतं, ते मला चांगलं माहीत आहे. मग दुसरीला कशाला बसवू?" गेल्या वर्षी त्या खूप वाळल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, पित्त झालंय. पित्ताने माणूस इतकं वाळतं का... पण त्यांनी विषय बदलला आणि माझ्या वॉशरबद्दल विचारू लागल्या.

शोकसभेत महेश बोलला, 'ताईंनी आम्हाला सोबत काय असते ते शिकवलं' वगैरे. चहा खरंच चांगला होता. मग विनायकराव उठले आणि त्यांनी आम्हा सगळ्यांना हात जोडले. "तुमचे उपकार कसे फेडू? मी रजा टाकतो म्हटलं की ही म्हणायची, तुम्ही कामावर जा, वर्गातलं कोणीतरी येतंय सोबत. प्रत्येक वेळी हॉस्पिटलला तुमच्यापैकी कोणी ना कोणी होतं. नाहीतर मी काय केलं असतं..." पहिल्या रांगेतून महेश म्हणाला, "अहो, ते आमचं कर्तव्यच होतं." मला वाटलं, निदान एवढं तरी कोणीतरी केलं असेल. बाहेर पडल्यावर मी एकेकाला विचारलं. प्रत्येक जण म्हणाला, मी नाही, पण दुसरं कोणीतरी गेलं असेल ना. हिराबाई पायरीवर बसली होती. ती म्हणाली, "कोन जायाचं? ताई एकलीच जायाची. मी बोलली मी येते, तर बोलली, नको, तू गाळा उघडा ठेव." मला विचारलं असतं तर मी नक्की गेलो असतो, असं मी रोज स्वतःला सांगतो.

चार दिवसांमागे विनायकरावांचा फोन आला. संकोचत म्हणाले, "सावंत, एक विचारायचं होतं. डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं, त्या दिवशी हिच्यासोबत तुमच्यापैकी कोण होतं? मला त्यांना भेटायचंय. घरी आली तेव्हा ही काहीच बोलली नाही. पण बाहेर आल्यावर तुम्ही लोक चहा घेता ना... तेव्हा काय म्हणाली, तेवढंच विचारायचंय." चौकशी करून सांगतो, म्हणून मी फोन ठेवला. मी होतो, असं सांगून टाकावं असं क्षणभर वाटलं. त्यांचं समाधान झालं असतं. पण निर्मलाताईंच्या नावाने खोटं बोलणारा एक माणूस पुरेसा आहे.

विनायकराव, तुम्ही ही पुरवणी वाचता हे मला माहीत आहे. तुमच्यासमोर येऊन सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे सांगतो. त्या दिवशी त्यांच्यासोबत कोणीही नव्हतं. बाहेर आल्यावर त्या काय म्हणाल्या असत्या, ते ऐकायला आमच्यातलं कोणीही तिथे नव्हतं.