अर्धी पांढरी, अर्धी पिवळट

नामाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपूरला एका छापखान्यात पत्रकाचं प्रूफ तपासत होतो. आईनं थोडक्यात सांगितलं: सकाळी दम लागला, तो थांबलाच नाही. प्रूफ तसंच टाकून मी बस पकडली, पण देवळीला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं...

नामदेव मिस्त्री आमचे शेजारी. घरोघर टाईल्स बसवायचे. त्यांची एकच अट असे: सगळी खोकी आल्याशिवाय पहिली टाईल बसणार नाही. कारखाना एक, टाईल एक, तरी भट्टीचा ताव कमीजास्त झाला की दर लॉटचा रंग थोडा वेगळा निघतो. काका सगळी खोकी अंगणात फोडायचे, टाईल्स भिंतीला टेकवून उन्हात पाहायचे आणि या लॉटमधली दोन, त्यातली एक, अशा पत्त्यांसारख्या पिसायचे. मग तो फरक घरभर विरून जायचा. घरमालकानं घाई केली की म्हणायचे, "भाऊ, लग्नात वरण दोनदा शिजवलं तं चव बदलतेच ना? मंग एका गंजात ओतून हालवा लागते."

मी कॉलेजात असताना आमच्या भागात समाजमंदिर बांधलं गेलं. उद्घाटनाला मंत्री येणार होते. टाईल्सची अर्धीच खोकी आली होती आणि कंत्राटदार म्हणाला, सुरू करा. काकांनी सुरू केलं. उरलेली खोकी आली ती दुसऱ्या लॉटची. काकांनी चार दिवस मागितले. बसवलेली फरशी उखडून मिसळतो म्हणाले. "मंत्री काय फरशी पाह्याले येऊन राह्यले का?" कंत्राटदार हसला. काकांनी उरलेली अर्धी फरशी तशीच बसवली. दालनाच्या मधोमध सरळ रेघ उमटली, अलीकडे पांढरी, पलीकडे पिवळट.

वडिलांच्या शिक्षक संघटनेची पत्रकं वाचत मी वाढलो होतो. ती रेघ पाहिली आणि मला वाटलं, चोरी उघड्यावर सापडली. कोणाला काही विचारलं नाही. दोन दिवसांत पत्रक वाटलं: चांगल्या टाईल्स विकून हलक्या बसवणारा कंत्राटदार आणि त्याचा भागीदार मिस्त्री. नाव लिहिलं नव्हतं. देवळीत नावाची गरजही नव्हती.

कंत्राटदाराचं काही बिघडलं नाही, त्याला पुढचं काम मिळालं. काकांना मात्र गावात कोणी बोलावेना. पाठीमागे लोक त्यांना 'अर्धा मिस्त्री' म्हणू लागले. ते हिंगणघाटला रोजीनं जाऊ लागले, तोंडाला रुमाल बांधून मशीनवर दिवसभर दगड कापायचे. ती धूळ त्यांच्या छातीत बसली.

एकदा बसस्टँडवर त्यांनीच मला थांबवलं.

"काऊन रे, तुले कोनं सांगतलं मी टाईल्स इकल्या?"

मी रेघेचं बोललो. त्यांनी शांतपणे लॉटचं सगळं समजावून सांगितलं. नवीन पत्रक काढतो, मी म्हणालो.

"काढशीन. पन तो कागद दुसऱ्या लॉटचा, बापा. लोकाईले पह्यलाच ध्यानात राह्यते." खोकला आवरून ते पुढे म्हणाले, "चूक माही बी हाय. थापी खाली ठेवाले पाह्यजे होती मी."

मी पत्रक काढलं नाही. त्यांनीच अडवलं, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मला लाज वाटत होती. दुसऱ्यांच्या चुका छापताना ती कधी वाटली नव्हती.

तेराव्यानंतर काकूंकडे गेलो. बाहेरच्या ओट्यावर, येणाऱ्याची नजर पडेल अशा जागी, दोन टाईल्स भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. एक पांढरी, एक पिवळट. समाजमंदिरातल्याच, उरलेल्या.

"आल्यागेल्याले दाखवाले ठेवल्या होत्या त्याईनं," काकू म्हणाल्या. "रोज पुसत. कोनी इचारलंच नाई."

मी त्या उलटून पाहिल्या. मागे ठसा एकाच कारखान्याचा होता. खाली पेन्सिलीनं, काकांच्या अक्षरात, दोन वेगळे लॉट नंबर.

"तूच लिहिलं होतं ना तवा?" काकूंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मान वर करवेना. "मंग आता बी तूच लिही."

लिहितो. नामदेव मिस्त्रींनी एकही टाईल विकली नव्हती.