बाबांची ओंजळ
कोऱ्या कापडाच्या ताग्याला कच्च्या रंगाचा वास आला, की मला सुरतच्या पांडेसऱ्यातल्या शाळेतली तिसरीची चाचणी आठवते. गणितात तेराचा पाढा होता, भूगोलात सुरत जिल्ह्याचा नकाशा आणि विज्ञानात पाण्याचे गुणधर्म. चाचणीत मी लिहिलं की पाण्याला रंग असतो आणि तो रोज बदलतो, कारण आमच्या खोलीमागची खाडी कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमधून सुटेल त्या रंगाची वाहायची. बाईंनी भली मोठी फुली मारली. पाळी संपवून त्याच मिलमधून आलेल्या बाबांना मी रडत वही दाखवली आणि उत्तर वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण फुली कळली. "पानीले रंग नही ऱ्हास बेटा, तो आम्ही टाकतस," म्हणत त्यांनी नळाखाली ओंजळ धरली. "देख, शे का रंग?" आम्ही दोघं वाकून बघत होतो, आणि त्यांच्या बोटांच्या भेगांतला रंग सुटून ते पाणी हळूहळू गुलाबी होत गेलं. बाबा ओशाळून हसले. परवा माझ्या मुलीने वहीत 'पाणी रंगहीन असते' असं लिहिलं. मी बरोबर आहे म्हटलं, आणि ती झोपायला गेल्यावर नळाखाली उगाच माझी ओंजळ धरली. पाणी स्वच्छच राहिलं.