लसणाचा चहा आणि अव्वांचं नाक

गोठ्यातलं शेण रोज काढलं तरी रोज साठतं. आमच्या अव्वांचे किस्सेही तसेच. मी फारसं बोलत नाही, त्यामुळे साठा माझ्याकडे जरा जास्तच.

अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. माझं माहेर हुबळीचं, केशवापूर. चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन अळणावरजवळच्या ह्या गावात आले. घरात चार गाई. सगळं दूध धारवाडचे एक पेढेवाले अण्णा नेतात.

*

अण्णा पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहा मी केला. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"सूनबाई, चहाला फोडणी दिलीस काय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी गुपचूप हात हुंगले. अव्वांनी मात्र कप संपवला आणि मुलाकडे वळल्या. "चहा हिचा चांगलाय. लसूण तुझ्या बाटलीतला."

बाटली ह्यांनी आणलेली. लसूण, मेथी आणि कसल्या कसल्या पाल्याचा हिरवागार अर्क. गाईचं पचन सुधारतं, दूध दाट होतं म्हणे.

अण्णा उठले. "हा वास खव्यात उतरला तर माझे पेढे कोण घेणार? परत एकदा आला की तुमचा कॅन बंद."

*

मला वाटलं, बाटली आता उकिरड्यावर. अव्वांनी ती फळीवर नीट ठेवली.

"कधी देतोस रे हे?"

"धारेच्या आधी. लवकर लागू पडावं म्हणून."

"लसूण देवळात जायच्या आधी खातात, की आल्यावर?"

तेव्हापासून अर्क धार काढून झाल्यावर. चहा चहासारखा लागायला लागला.

*

एका सकाळी गाईच्या दुधाची चरवी नाकाशी नेऊन अव्वा म्हणाल्या, "चंद्री काल कुणाच्या तरी मेथीत शिरलेली."

थोड्या वेळानं शेजारच्या शांताक्का पदर खोचून दारात. त्यांनी तोंड उघडायच्या आत अव्वा म्हणाल्या, "मेथीच ना? बस, ताक घे."

शांताक्का दोन पेले ताक पिऊन गेल्या. भांडायचं राहूनच गेलं.

*

अर्काच्या कंपनीचा माणूस आला. पांढरे बूट, हातात टॅब. "अव्वा, फरक काय जाणवला?"

अव्वांनी त्याला गाईच्या मागे नेलं. "आधी पातळ पडायचं. आता बघ, कसं बसतंय. वाक की, लांबनं काय दिसतंय?"

तो वाकला. फोटोही काढला. बुटांचं काय झालं ते मी सांगत नाही.

*

मग अव्वांना सर्दी झाली. नाक पूर्ण बंद. त्या सकाळी धार ह्यांनी काढली आणि संपताच कॅन उचलून बाहेर आले. टेम्पोबरोबर त्या दिवशी नेमके अण्णाच.

मी म्हटलं, "आज कॅन नको."

हे म्हणाले, "तुला काय कळतंय? पिशवीचं दूध पिऊन वाढलेली तू."

अण्णांनी झाकण काढून हुंगलं. "मला तर काही येत नाही."

अव्वा अंथरुणातनं उठून आल्या. "ती नको म्हणते ना? पेलाभर तापवून बघा."

तापवलं. पहिली वाफ आली आणि अण्णा दोन पावलं मागं सरले.

"हे नेलं असतं तर तुमचा शेवटचा कॅन होता," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कच्च्या दुधावरनं ओळखलंस? अव्वांचं नाक तुला मिळालं की."

मी मान खाली घातली. अव्वांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुलाच्या बाहीवरच्या ओल्या हिरव्या डागाकडे.

"नाकाचं राहू दे," त्या म्हणाल्या. "जा, अण्णांना चहा कर. कोरा."