मंगलनं चाखलेलं शीत

कराडजवळच्या मलकापुरात सुभेदार लालासाहेबांच्या बंगल्यावर मंगल स्वयंपाकाला होती. मूळची आटपाडीकडची, मेंढरांमागं वाढलेली. नवरा गेल्यावर पोरीला, राणीला, घेऊन इकडं आली. बंगल्यामागची खोली कामाबरोबर मिळालेली. म्हणजे काम गेलं की खोली गेली, आणि खोली गेली की राणीची बारावी गेली. परीक्षा तोंडावर आलेली. मंगलचा सगळा जीव त्यात.

सुभेदारांचा मुलगा ऋषिराज कंपनीच्या कामानं इटलीला जाऊन आला आणि रिसोट्टोचं, तिकडच्या दाटसर भाताचं, कौतुक सांगत बसला. त्याच्या वाढदिवसाला बायको अंकितानं तो घरीच करायचं ठरवलं. म्हणजे मंगलनं करायचा.

"तांदूळ धुवायचा नाही हं, मंगल."

"न धुता? वैनीसाब, आमी मेंढरामागं हिंडतानाबी धुतूय की."

"त्याचा चिकटपणाच हवाय. त्यानंच दाट होतं."

लोण्यात कांदा, त्यात कोरडा इंद्रायणी परतलेला. मग भाज्यांचं कढत पाणी एकेक पळी घालायचं आणि हात थांबवायचा नाही. "शिजत आलं की चाखून बघ. आत बारीक कणी राहिली पाहिजे."

मंगल दचकली. त्या घरात नैवेद्याआधी कुणी मीठसुद्धा चाखत नाही. तिच्या घरातही नाही.

"ह्याचा नैवेद्य नाही दाखवायचा गं. चाख बिनधास्त," अंकिता म्हणाली.

मंगलनं पळीतलं शीत तळहातावर घेतलं, तोंडात टाकलं. नेमक्या तेव्हाच सासूबाई, मनुबाई, नैवेद्याचं ताट घेऊन दारात.

"अगं ए! माझ्या लेकाचं अन्न उष्टं केलंस? वाढदिवसादिवशी?"

"आवं आईसाब, पळी तोंडाला न्हाई लावली. हातावर घेतलं. वैनीसाबनीच सांगिटलं."

अंकिता चीज किसत होती. मान वर न करता म्हणाली, "मी ढवळायला सांगितलं होतं."

एवढंच. पातेलं गेटवरच्या कुत्र्यापुढं गेलं. दिवस मावळायच्या आत मंगलची भांडी अंगणात, खोलीला कुलूप.

मी राणीला कॉलेजात शिकवतो. कळलं तसा दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेलो. सुभेदार म्हणाले, "बसा, चहा घ्या. बायकांच्या भानगडीत आपण पडू नये."

"खोली बायकांनी बांधली का? पोरीची परीक्षा होईस्तोवर कुलूप काढा."

"ते आता होणे नाही."

चहा तसाच ठेवून उठलो. असल्यांचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. गेटाशी अंकितानं गाठलं. डोळे सुजलेले.

"मी काय करणार होते? मला ह्याच घरात दिवस काढायचेत."

"आणि तिनं कुठं काढायचे?"

ती आत गेली. शिकलेली बाई. एक खरं वाक्य बोलायचं होतं, तेवढं झालं नाही.

राणीला माझ्या घरी ठेव, म्हणून मंगलला हात जोडले. तिचा भाऊ सिद्धू दोघींना गावाकडं न्यायला जीप घेऊन आलेला. माझ्या अंगावरच आला. "वयात आलेली पोर परक्याच्या घरी? शानपना शिकवू नका गड्या."

मंगल त्याच्याकडं बघत होती, माझ्याकडं नाही. मला म्हणाली, "मी चाखाय नगं हुतं."

"तुझं काय चुकलं गं त्यात?" मी ओरडलोच.

"तुमी वरडून काय हुतंय?"

पहिल्या पेपराच्या सकाळी मी कराडात परीक्षा केंद्राच्या फाटकावर उभा राहिलो. वेडी आशा, दुसरं काय. पोरी आत गेल्या. शिपायानं फाटक ओढून घेतलं. राणी तेव्हा आटपाडीच्या पल्याड मामाच्या रानात मेंढरं वळत होती.