माझ्या कानांचा धातू

कळत्या वयापासून चाळिशीपर्यंत माझे कान मोकळे होते. लग्नातसुद्धा मी चिकटवायचे झुमके लावले होते, आणि त्यातला एक पंगतीत वाकून वाढताना थेट कोणाच्या तरी वरणात पडला. त्या माणसाने तो चमच्याने काढून पुसून मला परत दिला. सगळी पंगत हसली, मीही हसले. आमच्या घरात ही गोष्ट कधीच ठरून गेली होती : हिची कातडी वाईट, हिला दागिना सोसत नाही. एखाद्याला पोहता येत नाही तसं मला कानातलं घालता येत नव्हतं.

मी देवळीला एका सरकारी कार्यालयात टपाल शाखेत आहे. दोन वर्षांपूर्वी मनगटावर घड्याळाच्या बकलाखाली लाल चट्टा उठला. मलम लावलं की जायचा, घड्याळ घातलं की परत यायचा. शेवटी वर्ध्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने माझ्याहून लहान, पण बोलायला मोकळ्या. त्यांनी विचारलं, "जीन्स घालता का? बटणाखाली पोटावर पण असंच होतं?"

होत होतं. मी त्याला घामोळं समजत होते.

त्यांनी माझ्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या लावल्या, प्रत्येकीखाली वेगळा पदार्थ, आणि दोन दिवस अंगाला पाणी लागू द्यायचं नाही असं बजावलं. त्या दोन दिवसांत मी कार्यालयात खुर्चीला पाठ न टेकवता बसले. पट्ट्या काढल्या तेव्हा एकाच ठिकाणी कातडी लालभडक होऊन फुगली होती. बाकी पाठ स्वच्छ.

"निकेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "स्वस्त दागिन्यांत, बकलांत, बटणांत असतं. बाई, तुमची कातडी चांगली आहे. घड्याळाचं बक्कल वाईट आहे."

 मी एकदम विचारलं, "म्हणजे मी कान टोचू शकते?"

"टोचा की! फक्त नव्या छिद्रात पहिल्या दिवसापासून काय घालता ते नीट बघा. जखम ओली असते, त्यात धातूतलं निकेल लवकर पाझरतं. मुलाम्याचं काही नको. चांदी पण आत्ता नको. आणि सर्जिकल स्टील या नावाला भुलू नका, त्यातही निकेल असतं. हाडांत बसवतात ते टायटेनियम मिळालं तर सगळ्यात उत्तम."

वर्ध्याहून देवळीला परत येताना बसमध्ये मी खिडकीच्या काचेत दोन्ही कानांच्या पाळ्या ओढून ओढून बघत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कान दुखून राह्यला का?" मी म्हटलं, "नाही हो, टोचायचा आहे." त्या म्हणाल्या, "आता?" आणि दोघीही हसलो.

पुढच्या रविवारी कारंजाला बाबांकडे गेले. बाबांचं तिथे हायवेला लागून लेथचं वर्कशॉप आहे. पन्नास वर्षं त्यांनी ट्रकांचे एक्सल, पिना, बुश घडवले. आता सत्तरी ओलांडली तरी सकाळी चार तास दुकान उघडतातच. कोणताही लोखंडाचा तुकडा हातात घेऊन, वजन करून, नखाने टिचकी मारून ते त्याची जात सांगतात. मी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं. ते ऐकत होते, पण हातातलं कापड एकाच जागी फिरत होतं.

"निकेल," ते म्हणाले. "म्हणजे तवाही तेच."

तेव्हाची गोष्ट मला अर्धवटच आठवत होती. मी सात वर्षांची असताना सोनारकाकांनी सोन्याच्या तारेने माझे कान टोचले होते. पंधरा दिवसांनी बाबा कामाला आर्वीला गेले आणि येताना लाल खड्याचे चमचमते टॉप्स घेऊन आले. मीच हट्ट केला, आताच घालायचे. आठवड्याभरात कान सुजले, पू झाला, पाळीने मागची फिरकी गिळून टाकली. ती कोणालाच निघेना. शेवटी बाबांनी वर्कशॉपमधलं सगळ्यात बारीक कटर उकळत्या पाण्यातून काढून ते टॉप्स माझ्या कानातून कापून काढले. मला आठवतं ते एवढंच, की कापलेले तुकडे त्यांनी भंगाराच्या डब्यात फेकले.

"पोरी," बाबा म्हणाले, "मी धातूचं काम करणारा माणूस. गिऱ्हाइकाने पीन आणली तर आधी इचारतो, कायची हाये. अन् पोरीच्या कानात घालाले काय नेऊन राह्यलो, हे दुकानदाराले इचारलं नाई. लाल खडा पाह्यला अन् घेतला. तुह्या कातडीवर खापर फुटलं, मी काही बोललो नाई."

तेहेतीस वर्षांत हे ते पहिल्यांदाच बोलले होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाले तरी कुठं माहीत होतं?"

"आता हाये ना माहीत," ते म्हणाले आणि उठलेच. "चाल. आधी सोनाराकडे जाऊ."

सोनारकाका थकले आहेत, आता मुलगा दुकान बघतो. बाबांनी काउंटरवर हात टेकून विचारलं, "टॉप्स दाखव. अन् सांग, यात सोनं किती अन् बाकी काय."

"बावीस कॅरेट आहे काका. बाकी तांबं, चांदी."

"अन् ही मागची फिरकी?"

तो थांबला. मग फिरकी बोटांत फिरवत म्हणाला, "ओळखीचे आहात म्हणून खरं सांगतो. फिरक्या तयार येतात. कडक राह्याव्या म्हणून त्यात काय टाकतात ते मले लिहून नाई देता येत."

बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुह्यासारखं खरं बोलणारा दुकानदार तवा आर्वीत भेटाले पायजे होता." पण टॉप्स घेतले नाहीत.

मग मी माझं डोकं चालवलं. मोबाइलवर शोधून 'शुद्ध टायटेनियम, ॲलर्जी-मुक्त' असं लिहिलेली एक जोडी मागवली. छान डबीत आली, आत मखमल. पुढच्या रविवारी मी ती मोठ्या तोऱ्याने बाबांच्या हातात ठेवली. त्यांनी आधी लोहचुंबक लावला. चिकटला नाही.

"पाहा!" मी म्हटलं.

"चिकटला असता तर खोटं म्हणलं असतं," बाबा म्हणाले. "नाई चिकटला म्हणून खरं होत नाई. स्टीलही कधी कधी चिकटत नाई. ठिणगी पाहा लागते."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी ग्राइंडर सुरू केला, चष्मा चढवला आणि पक्कडीत धरलेला एक टॉप दगडाला लावला. नारिंगी रंगाच्या तीन-चार आखूड, मरगळलेल्या ठिणग्या निघाल्या.

"स्टील," बाबा म्हणाले. "डबी मात्र चांगली हाये. सुया ठेवजो."

मला राग यायला हवा होता, पण ते इतके खूश दिसत होते की मला हसूच फुटलं. मी विचारलं, "टायटेनियमची ठिणगी कशी असते?"

"पांढरी. पण मी एकदाच पाह्यली, नागपुरात. लई वर्षं झाले." मग त्यांना एकदम काहीतरी सुचलं. "रोहण्याले तुह्या आत्याच्या मांडीत सळई हाये ना? तिचे कागद पाह्य."

आत्याला फोन लावला. आठ वर्षांपूर्वी ती गोठ्यात घसरून पडली होती. तिने दवाखान्याची पिशवी शोधली, नातीकडून कागद वाचून घेतला आणि फोनवर ओरडून सांगितलं, "टायटेनियमच लिहेल हाये! काऊन, काढाची हाये का?"

"नाई व माय, राहू दे," बाबा म्हणाले. "त्रास देते का?"

"थंडीत गुडघा दुखते. सळई काहीच नाई म्हणत."

बाबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू प्रयोग सिद्ध झाला होता.

डॉक्टरीणबाईंना फोन करून विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की नागपुरात एका ठिकाणी निर्जंतुक सुईने टोचतात, टोचायच्या बंदुकीने नाही, आणि धातूचा दाखला दाखवतात. बाबा म्हणाले, मीही येतो. कारंजाहून आम्ही नागपूरची बस धरली. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि त्याच्या खिशात लोहचुंबक होता.

टोचणारी मुलगी पंचविशीची असेल. तिच्या स्वतःच्या कानांत मिळून नऊ दागिने होते. बाबांनी ते मोजले. मला वाटलं आता काहीतरी बोलतात. ते म्हणाले, "हे सगळे कायचे हायेत?"

तिचा चेहरा उजळला. बहुतेक लोक 'दुखत नाही का' एवढंच विचारत असावेत. तिने एक एक दागिना दाखवत सांगायला सुरुवात केली, मग फाइल काढून धातूचा दाखला बाबांपुढे ठेवला. त्यात कोणता घटक किती ते छापलेलं होतं. बाबांनी खिशातून चष्मा काढला आणि ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. टायटेनियम, ॲल्युमिनियम, व्हॅनेडियम. निकेलचं नाव नव्हतं. मग त्यांनी दागिना भिंगाखाली मागितला. दांडी आरशासारखी गुळगुळीत होती. "पॉलिश पाह्य," ते मला म्हणाले. "खरवड नाई कुठं. मांसाले घासणार नाई."

"काका, तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"लेथ," बाबा म्हणाले.

मग त्या दोघांचं जे सुरू झालं, त्यात माझे कान बाजूलाच राहिले. दांडीला आटे आतून का, बाहेरून का नाही? बाहेरून असले तर घालता-काढताना जखमेला खरवडतात. दांडी एवढी लांब कशाला? पहिले काही दिवस पाळी सुजते, तिला जागा हवी. "बरोबर!" बाबा म्हणाले. "क्लिअरन्स ठेवाच लागते. तवा तेच नव्हतं ठेवलं."  

बाबांनी शेवटी लाजत विचारलं, एखादा खराब झालेला तुकडा मिळेल का, ठिणगी पाहायची आहे. तिने एका बाटलीतून वाकलेल्या दोन-तीन दांड्या काढून कागदात बांधून दिल्या. दिवाळीत फटाके मिळालेल्या मुलासारखे बाबा दिसत होते.

मग माझी पाळी आली. जुन्या व्रणाची जागा सोडून तिने शाईने ठिपके काढले आणि मला आरसा दिला. मी बघत राहिले. "श्वास घ्या," ती म्हणाली. "आता सोडा." सोडला तेवढ्यात झालं होतं. एक कळ आली, पाळी गरम झाली, आणि आरशात दोन छोटे करडे ठिपके चमकत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं दुखलं.

"मिठाच्या पाण्याने धुवायचं," ती सांगत होती, "दिवसातून दोनदा. फिरवायचं नाही, हळद-तेल नाही. दीड-दोन महिन्यांनी या, दांडी छोटी करून देते."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपमध्ये ग्राइंडर सुरू झाला. शेजारचे पंक्चरवाले, चहावाली मावशी, एक वाट बघणारा ट्रक ड्रायव्हर असे सगळे उभे होते. बाबांनी पक्कडीत वाकडी दांडी धरून दगडाला टेकवली आणि भर उजेडात लख्ख पांढऱ्या ठिणग्यांचा झोत उडाला. "ओहो!" ड्रायव्हर म्हणाला. बाबांनी ग्राइंडर बंद केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाले, "आता रातच्याले निवांत झोप. कानाची काळजी करू नको."

कान बरे झाले. पहिला आठवडा पाळ्या सुजल्या, पण लांब दांडीत मावल्या. पू नाही, खाज नाही, काही नाही. मी रोज सकाळी कार्यालयात जाण्याआधी आरशापुढे नुसती उभी राहायचे. माझ्या नवऱ्याने एकदा विचारलं, "काय बघतेस?" म्हटलं, "काही झालं नाही ते बघते."

दांडी छोटी करायला गेलो तेव्हा त्या मुलीने विचारलं, रंग हवा का. टायटेनियमवर निळा, जांभळा, सोनेरी रंग येतो, आणि त्यात रंग म्हणून काही घातलेलं नसतं, पाण्यात बुडवून नुसता विजेचा दाब बदलायचा. मी निळा निवडला. बाबा परतीच्या बसमध्ये कारंजा येईपर्यंत माझ्या कानांकडेच बघत होते. उतरताना म्हणाले, "किती व्होल्ट, ते इचारलं नाई आपण."

पुढच्या रविवारी मी गेले तर वर्कशॉपमध्ये काचेच्या बरणीत धुण्याच्या सोड्याचं पाणी होतं, त्यात तारेला बांधलेली एक वाकडी दांडी, आणि बाजूला ट्रकची बॅटरी. तारा जोडल्यावर दांडी सोनेरी-तपकिरी झाली. बाबांनी दुसरी बॅटरी ओढून आणली, जोडली, आणि तोच तुकडा आमच्या डोळ्यांसमोर जांभळा होत होत निळ्याकडे सरकला. चहावाली मावशी हातातली किटली तशीच धरून म्हणाली, "माह्या बांगड्याले पण करून देता का?"

"कायच्या हायेत?" बाबांनी विचारलं आणि हात पुढे केला.