सकाळी तेच, दुपारी तेच

आमच्या दुकानात माणसं दोन आणि रेडिओ एक. मी ब्लाउज शिवते आणि चाचा दाराजवळच्या उजेडात लाकडी चौकट मांडून ब्लाउजच्या बाह्यांवर आरीने, म्हणजे आकड्याच्या सुईने, भरतकाम करतात. जळगावच्या बाजारात एका जिन्याखाली ही जागा आहे. पंखा लावला की कापड उडतं, बंद केला की आम्ही शिजतो. चाचा माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्यांना बोलायची सवय नाही. मला आहे, पण माझ्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात. त्यामुळे पंधरा-सोळा वर्षं आमच्या दोघांच्या वतीने बोलायचं काम रेडिओ करत होता.

स्टेशन जुन्या गाण्यांचं. पुढचं गाणं कुठलं, याचा पत्ता लागायचा नाही. कधी महिनाभर न ऐकलेलं गाणं अचानक लागायचं आणि चाचांची आरी कापडात तशीच थांबायची. मीही मशीनवरचा पाय उचलायची. गाणं संपलं की दोघं पुन्हा कामाला. त्यावर कधी चर्चा केली नाही. करायची काय?

मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी चाचा म्हणाले, "ताई, हे गाणं काल पण याच टायमाला लागलं होतं."

"योगायोग असेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा लागलं, त्याच वेळी. चाचा उठले, माझ्या टेबलावरचा खडू घेतला आणि भिंतीवर रेघ मारली. आठ दिवसांत भिंत कैद्याच्या कोठडीसारखी दिसायला लागली. सगळी मिळून चाळीसेक गाणी निघाली, तीच फिरून फिरून. आणि त्यांतली निम्मी माझ्या धाकट्या नणंदेच्या लग्नात बँडवाल्यांनी वाजवलेली! ही म्हणे जुनी. त्या नणंदेला अजून धड चष्मासुद्धा लागलेला नाही. आणि मधूनमधून ती निवेदिका, स्वतःच्या विनोदाला स्वतःच हसणारी, "चला, आठवणींच्या गावाला!" असं ओरडायची. कुणाच्या आठवणी, बाई? तुझ्या पाचवीतल्या?

एकदा शिरपूरकडची एक बाई लेकीच्या लग्नाचे ब्लाउज टाकायला आली. मापं देता देता तासभर बसली आणि शेवटी रेडिओकडे बोट करून म्हणाली, "अक्का, बठ्ठा गाना एकसारखाच शेतस. कॅसेट अडकनी का?"

सगळी गाणी एकसारखीच आहेत, हे गिऱ्हाइकालाही कळलं. फक्त स्टेशनवाल्यांना कळत नव्हतं.

मी फोन केला. एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "मॅम, तुमचा फीडबॅक आमच्यासाठी खूप मोलाचा आहे." दुसऱ्यांदा केला तेव्हाही मोलाचा होता. तिसऱ्यांदा मी विचारलं, "एवढा मोलाचा आहे तर ठेवता कुठे, लॉकरमध्ये?" ती म्हणाली, "मॅम, तुम्ही ऑफिसला येऊन सरांशी बोला ना." तिला वाटलं असेल, बाई कशाला येतेय.

बाजार बंद असतो त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. चाचांनी इस्त्रीचा कुर्ता घातला होता. खिशात दोन फुलस्केप कागद होते. हल्ली न लागणाऱ्या गाण्यांची यादी त्यांनी रात्री बसून उर्दूत लिहिली होती आणि स्टेशनवाल्यांना वाचता यावी म्हणून शेजारच्या मास्तरांकडून मराठीत उतरवून घेतली होती. मी माझ्या भावाच्या लग्नाच्या बोलणीलासुद्धा एवढी तयारी केली नव्हती.

सर म्हणजे तिशीतला एक पोरगेला माणूस. गळ्यात ओळखपत्र. स्वतःच्याच ऑफिसात स्वतःची ओळख कुणाला पटवायची असते देव जाणे. त्याने आम्हाला चहा पाजला. यादी बघितली, उलटली आणि चहाच्या कपाखाली ठेवली.

"काकू, जुनी गाणी आम्ही बंद नाही केली," तो म्हणाला. "जुन्याची व्याख्या बदलली."

"आणि आधी जी जुनी होती ती?"

"ती फार जुनी झाली."

मी चाचांकडे पाहिलं. ते कपाखालच्या यादीकडे बघत होते.

सरांनी मग शास्त्र समजावलं. लोकांना गाण्याचा तीन-चार सेकंदांचा तुकडा ऐकवतात. ओळखलं तर गाणं राहतं, नाही ओळखलं तर जातं. सगळं कॉम्प्युटरवर.

"तीन सेकंदांत सुईत दोरा पण जात नाही, साहेब," चाचा म्हणाले.

"आणि हे लोक कुठले? जळगावचे?" मी विचारलं.

"रिसर्च सेंट्रली होतो, काकू."

हे सेंट्रली नावाचं गाव कुठे आहे मला माहीत नाही, पण तिथल्या माणसांना गाण्यातलं काही कळत नाही एवढं नक्की.

मी आवाज चढवला तशी सरांना कल्पना सुचली. म्हणाले, "हे सगळं तुम्ही माइकवर बोला ना! श्रोत्यांचं मत आम्ही ऑन एअर लावतो." आम्ही खूश. मूर्ख माणसं जशी खूश होतात, तशी. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर ते जाड हेडफोन चढवले. चाचा सभ्य माणूस. तक्रारीआधी चार चांगले शब्द बोलायची त्यांची पद्धत. ते म्हणाले, "तुमचं स्टेशन आमच्या दुकानात इतकी वर्षं चालू आहे, दुसरं काही लागतच नाही. पण आता ऐकवत नाही, साहेब." मी तर मनात साठलेलं सगळं ओतलं. "सकाळी तेच, दुपारी तेच! असं कुठे पाहिलंय का तुम्ही? आमच्या डोक्यात दिवसभर तेच वाजतं!" काचेपलीकडून सरांनी अंगठा दाखवला. परत येताना चाचांनी मला रसवंतीवर उसाचा रस पाजला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

सोमवारी सकाळी आम्ही ऐकलं. आधी ढोल वाजला. मग चाचांचा आवाज: "तुमचं स्टेशन... दुसरं काही लागतच नाही!" मग माझा, तार स्वरात: "सकाळी तेच, दुपारी तेच! असं कुठे पाहिलंय का तुम्ही? आमच्या डोक्यात दिवसभर तेच वाजतं!" मग ती निवेदिका खिदळली आणि स्टेशनचं नाव तीनदा गायली.

माझी चीड त्यांनी कौतुक म्हणून विकली होती. एक शब्द बदलला नव्हता, हे त्यांचं कसब. आमच्या धंद्यात असं बेतलं असतं तर गिऱ्हाइकाने कापड तोंडावर मारलं असतं.

दर तासाला ते वाजायला लागलं. म्हणजे त्या चाळीस गाण्यांमध्ये आता आम्ही दोघंही फिरत होतो. गिऱ्हाइकं येऊन अभिनंदन करायची. "ताई, तुम्ही रेडिओवर! काय बोललात!" मी समजावून सांगायची की मी भांडत होते. त्या म्हणायच्या, "हो का? पण आवाज छान येतो तुमचा." चाचांचे तर हाल झाले. त्यांच्या मोहल्ल्यात पानटपरीवरची टोळकी त्यांना बघून "दुसरं काही लागतच नाही!" असं ओरडायची. दोन दिवस ते कामालाच आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, बटण फिरवून रेडिओ बंद केला आणि चौकटीवर वाकले.

त्याच आठवड्यात मी धुळ्याला बहिणीकडे गेले. ती स्वयंपाकघरात भरीत करत होती, रेडिओ फळीवर चालू. आणि तीच निवेदिका! तेच हसू, आठवणींचं तेच गाव, उन्हाबद्दलचा तोच विनोद. फक्त "नमस्कार जळगाव"च्या जागी "नमस्कार धुळे". इतकी वर्षं मला वाटत होतं, ती आमच्या बाजारातूनच घरी जात असेल. मग ढोल वाजला आणि ती म्हणाली, "ऐका, आपल्या धुळेकर ताई काय म्हणतात!" आणि मी बोलले.

बहिणीच्या हातातलं वांगं तसंच राहिलं. "अगं, तू धुळेकर कधी झालीस?"

"सेंट्रली झाले," मी म्हटलं. मग मात्र मला रडूच आलं. बहीण घाबरली. तिला वाटलं, घरी काही झालं. रेडिओमुळे रडतेय हे सांगायचीही लाज वाटत होती.

परत आल्यावर मी सरांना फोन लावला. ते सर बदलून गेले होते. नवीन सरांना काहीच माहीत नव्हतं, पण माझा फीडबॅक त्यांनाही मोलाचा होता. पावसाळा संपता संपता आमची जाहिरात आपोआप थांबली. शेजारच्या चप्पलवाल्याने सांगितलं की स्टेशनने आता नावच बदललंय आणि सगळी कालपरवाची गाणी लावतात. म्हणजे ज्या गाण्यांसाठी आमची गाणी काढली, तीसुद्धा त्यांना टिकवता आली नाहीत. मला त्याचा आनंद झाला, खोटं का बोलू?

दुकानात आता शांतता असते. टाचण्या मी तोंडात न ठेवता उशीत टोचायला लागले आणि चाचा, काय सांगू, बोलायला लागले. मी सहज त्या एका गायिकेची आठवण काढली, जिच्या गाण्याला मी हमखास मशीन थांबवायची.

"ती?" चाचा म्हणाले. "मला कधीच आवडली नाही, ताई. नाकातून गाते."

"इतकी वर्षं तुम्ही हात थांबवून ऐकायचात की!"

"हात थांबवायचो ते तुमचं मशीन थांबायचं म्हणून. मशीन बंद असताना आरी चालवली तर तुमच्या गाण्यात तिचा आवाज होतो." ते दोरा चावून तोडत म्हणाले, "आणि पुढचं गाणं माझं असायचं, कधी ना कधी."

पुढचं गाणं म्हणजे कुठलं, तेही मग त्यांनी सांगितलं. इतकं रटाळ, रडकं गाणं आवडणारा माणूस माझ्याशेजारी इतकी वर्षं बसला होता, आणि मी त्याच्यासोबत मोर्चा घेऊन गेले होते! त्या दिवशी आमचं असं भांडण झालं की एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली गेली.