मावशी विचारायची, "क्रॅश आला का?"

नोकरी सुटली की पगार किती होता ते विसरायला होतं, किस्से मात्र साठतच जातात. अलिबागच्या आमच्या जुन्या ऑफिसातल्या कुणाचाही फोन आला, की कामाचं बोलणं दोन मिनिटांत उरकतं आणि मग "ए, ते आठवतं का गं?" सुरू! आता मी पुण्यात काचेच्या इमारतीत बसते. इथे क्रॅश रिपोर्टांचा पूर येतो, पण कुठला रिपोर्ट कुणाचा, काही पत्ता नाही. तिथे प्रत्येक रिपोर्टमागचा माणूस ओळखीचा होता. फार आठवण येते हो त्या सगळ्यांची!

आम्ही मच्छीमार बोटींसाठी ॲप बनवायचो. पकडलेल्या मच्छीचं वजन समुद्रातच फोनवर नोंदायचं. ॲप मध्येच बंद पडलं, म्हणजे क्रॅश झालं, की शेवटी काय दाबलं, काय लिहिलं हे ते फोनमध्ये साठवून ठेवायचं आणि बोट किनाऱ्याजवळ येऊन रेंज मिळाली की आपोआप आम्हाला पाठवायचं. ते वाचून चूक शोधणं हे माझं काम.

*

ऑफिस होतं बर्फाच्या कारखान्याच्या वर. बोटी लागल्या की खाली बर्फ फोडायचं मशीन सुरू व्हायचं आणि आमची टेबलं थरथरायची. एकदा व्हिडिओ कॉलवर एक मोठा क्लायंट घाबरून म्हणाला, "तुमच्याकडे भूकंप होतोय का?"

आमचे सर शांतपणे म्हणाले, "नाही, सुरमई आली!"

*

रिपोर्टसोबत आम्ही एक प्रश्न टाकला होता : 'ॲप बंद पडलं तेव्हा आपण काय करत होता?' चूक सापडायला मदत होईल, ही आमची भाबडी आशा.

उत्तरं आली. "जेवत होतो." "जाळं वढत होतो." "भावासंगती भांडत होतो." आणि एक रेवदंड्याहून, "तुमाला काय करायचंय?"

प्रश्न दुसऱ्याच दिवशी काढला.

*

मग आम्ही ठरवलं, क्रॅश कुठे झाला ती जागाही रिपोर्टमध्ये घ्यावी. नाखवांची, म्हणजे बोटींच्या मालकांची, मीटिंग बोलावली. एक म्हातारे नाखवा उठून उभेच राहिले.

"मच्छी कुठं गावते ते मी सख्ख्या भावाला सांगत न्हाय, तुमच्या मशीनला सांगू?"

जागा काढली. वजनाची नोंदसुद्धा बंदराला लागल्यावर ते स्वतः बटण दाबतील तेव्हाच जाणार, हेही ठरलं. न विचारता किनाऱ्यावर पोचणार फक्त क्रॅश रिपोर्ट.

*

इम्तियाज आमचा टेस्टर, मुरुडचा. एक क्रॅश काही केल्या ऑफिसात होईना, म्हणून तो बोटीवर गेला. जाताना ऐट काय विचारता! परत आला तो दोघांच्या खांद्यावर हात टाकून, चेहरा पांढराफटक.

"ॲप शेवटपर्यंत चाललं," तो म्हणाला, "मीच बंद पडलो!"

*

कमळमावशी खालच्या बाजारात मच्छी विकायला बसायची. तिचा नवरा हिराजी 'धनलक्ष्मी' बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा. तो वजन मराठी आकड्यांत लिहायचा आणि आमच्या ॲपला इंग्रजी आकडेच कळायचे. त्यामुळे दर फेरीत त्याचा क्रॅश ठरलेला.

एकदा रिपोर्ट आला तसा इम्तियाज खिडकीतून ओरडला, "मावशी, तुमच्या बोटीचा क्रॅश आला!"

मावशी हातातला कोयता टाकून किंचाळत जिना चढली. तिला पाणी पाजून समजावलं, की बंद पडलंय ते ॲप, बोट नाही. उलट रिपोर्ट आला म्हणजे बोट रेंजमध्ये, किनारा जवळ.

मावशी पायरीवर बसली. श्वास खाली बसल्यावर म्हणाली, "मंग दर खेपेला येव दे!"

तेव्हापासून ती रोज खालून हाक मारायची, "क्रॅश आला का गो?" हिराजी किनाऱ्यावरून फोन करणाऱ्यातला नव्हता. बंदराला दोरी लागेपर्यंत पोचल्याचं तोंडाने बोलायचं नाही, ही त्याच्या घरातली रीत. रिपोर्ट आला की मावशी उरलेली मच्छी शेजारणीकडे सोपवायची, केसांत अबोलीची वेणी माळायची आणि जेट्टीवर जाऊन उभी राहायची. इतक्या वर्षांच्या संसारानंतर! मला तिचा हेवा वाटायचा.

*

मग आम्ही तो बग दुरुस्त केला. मराठी आकडे चालायला लागले, सरांनी पेढे वाटले.

हिराजी आला तेव्हा मावशीला कळलंच नाही. तो घरी पोचला आणि ही बाजारात. दुसऱ्या दिवशी ती वर आली.

"बरा चाललेला, तो दुरुस्त कशापायी केला?"

सर म्हणाले, "मावशी, चूक होती ती."

"मंग ती चूक परत घाला."

सरांनी खूप समजावलं. ती पेढा न घेताच खाली गेली.

*

पुढच्या फेरीत वादळाचा इशारा आला. एकेक करून सगळ्या बोटी परतल्या, 'धनलक्ष्मी' नाही. मावशी दुपारपासून माझ्या शेजारी खुर्चीवर बसून होती. चहा निवून गेला. मी उगाच रिपोर्टांचं पान उघडत होते, मिटत होते. त्या बोटीचा आता क्रॅश येणार कुठून?

दिवेलागणीला रिपोर्ट आला. बोट : धनलक्ष्मी. वजनाच्या चौकोनात आकडा नव्हताच, अक्षरं होती. तिथे अक्षरं लिहिली तर आमचं ॲप अजूनही बंद पडायचं.

"काय लिवलंय?" मावशीनं विचारलं.

मी वाचलं, "वजन : आयलो."

मावशीनं पदर तोंडाला लावला.

मग म्हणाली, "परत वाच."